शेहेचाळीस दाते

मोटरसायकलची चेन आणायला गेलेला माणूस तीनदा हात हलवत परत येतो, याला काय म्हणावं? पहिल्यांदा म्हणे दुकान बंद होतं. दुसऱ्यांदा म्हणे दुकानदार जेवायला गेला होता. तिसऱ्यांदा तर काहीच म्हणाला नाही. पिशवी खुंटीला अडकवली आणि नळाखाली हात चोळत बसला, जणू कोपरापर्यंत ग्रीस लागलंय. ग्रीस कुठून लागणार? जुनी चेन घातलेल्या पिशवीची गाठ जशीच्या तशी होती. मिस्त्रीणबाईंनी स्वतः मारलेली गाठ, ती सुटून पुन्हा बसली असती तर त्यांना अंधारातसुद्धा कळलं असतं.

"पिशवीला फिरवून आणलीत वाटतं," बाई म्हणाल्या. "बरं केलंत. तिलाही हवापालट."

मिस्त्रींनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती ती आज नव्हे, आठ महिने झाले.

तसा हा माणूस लबाड नव्हता. चाळीस वर्षं कारखान्यात लोखंड कातत लेथवर काढली होती. केसाच्या जाडीएवढा फरक बोटानं सांगायचे. एखाद्याचा शाफ्ट चुकीचा उतरला तर मालकाच्या आधी स्वतः जाऊन सांगायचे, माझ्या हातून बिघडला. असा माणूस साधी चेन आणायला जातो आणि खोटं बोलून परत येतो, म्हणजे पाणी कुठेतरी मुरत होतं. पण बाईंना मुरणाऱ्या पाण्याचा शोध घ्यायचा नव्हता. त्यांना राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. शर्टाचा.

मुलगी जाऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट चढवायला सुरुवात केली. सकाळी आठला बाहेर. "जुन्या मालकाच्या लेथवर बसतो थोडा वेळ, मन रमतं." दहाच्या आत परत. दुपारी चारला पुन्हा शर्ट, पुन्हा बाहेर, पाच वाजून दहा मिनिटांनी परत. बाईंनी एकदाही अडवलं नाही. विचारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि सांगणं यांच्या. पण मनात रोज एक खिळा ठोकला जायचा. आईला गादी सोडवत नाही, आणि बापाचं मन रमतं. लेथवर.

मुलगी एकतीस वर्षांची होती. लहानपणापासून पायांत जोर नव्हता, पण तो सगळा जिभेत उतरला होता. डोंगरावरच्या मोठ्या दवाखान्यात ती टेलिफोनवर बसायची. सकाळी न्यायला आणि संध्याकाळी आणायला बापाची मोटरसायकल, आणि मोटरसायकलला जोडलेली साइडकार. बापानंच लेथवर आणि वेल्डिंगवर उभी केलेली. घरात तिला होडी म्हणत. होडीत बसली की ती म्हणायची, "ड्रायव्हर, गाडी काढा." म्हणून गल्लीनं तिचं नाव साहेब ठेवलं, आणि मग आई-बापाच्या तोंडीही तेच बसलं. साध्या तापाचं निमित्त झालं, छाती भरली, आणि पाचव्या दिवशी साहेब गेली.

होडी मात्र गाडीला जोडलेलीच राहिली, खिडकीखाली, ताडपत्री घालून. "सोडवायला दोन माणसं लागतात," असं मिस्त्री म्हणायचे. बाई त्या बाजूनं जातच नसत. कपडे वाळत घालायलासुद्धा वळसा घालून जायच्या.

आता नऊ दिवसांपूर्वी गाडीची चेन दात्यांवरून उड्या मारायला लागली. मिस्त्रींनी गाडी ढकलत घरी आणली, चेन आणि ती ज्यांवर फिरते ती दोन्ही स्प्रॉकेट, पुढची-मागची दात्यांची चाकं, सोडवली, रॉकेलमध्ये धुतली. तेव्हाच बाईंनी मनाशी ठरवून टाकलं. आता नवं बसवायचंच आहे तर होडी उतरवायची. साधी दोन चाकांची मोटरसायकल करायची आणि साध्या गाडीची चेन घ्यायची. नऊ दिवस गाडी बंद होती, आणि नऊ दिवस साडेतीन वाजले की मिस्त्री खोलीत येरझाऱ्या घालत, घड्याळाकडे बघत, खिडकीपाशी जाऊन परत येत. चौथ्यांदा पिशवी उचलायला लागले तेव्हा बाईंनी चप्पल पायात सरकवली.

"तू कशाला?"

"बघते तरी, कोणत्या देशातलं दुकान आहे ते. कधी उघडंच नसतं."

दुकान दहा मिनिटांवर होतं आणि सताड उघडं होतं. अरुंद, लांबलचक. आत भिंतीला सळया ठोकलेल्या, सळयांवर स्प्रॉकेटच्या चकत्या ओळीनं टांगलेल्या, ताटल्यांसारख्या, लहानापासून मोठ्यापर्यंत. नव्या रबराचा आणि ग्रीसचा वास. गल्ल्यामागे चेनवाला, पोट काउंटरवर टेकवून, चष्मा दोरीनं गळ्यात.

"या मिस्त्री. अरे, काकूपण? थांबा, स्टूल पुसून देतो."

"राहू द्या. एकदा पुसलं की रोज पुसावं लागेल."

चेनवाला हसला. मग मिस्त्रींकडे वळून, अगदी सहज, त्यानं विचारलं, "मग, काय म्हणाल्या साहेब?"

बाई पिशवीची गाठ सोडत होत्या. बोटं तिथंच थांबली.

"कोण साहेब?" त्यांनी विचारलं. जगात दुसरी कोणी असल्यासारखं.

"तुमच्याच की, काकू. मिस्त्री तीनदा येऊन गेले. तिन्ही वेळा म्हणाले, दाते किती ठेवायचे ते साहेबांना विचारून येतो. मी म्हटलं बरोबर आहे, बसायचं त्यांना. मागच्या उन्हाळ्यात त्यांनीच निवडलं होतं की. इथं दारात होडीत बसून मला ऑर्डर. 'चाळीस-बिळीस दाखवू नका, आमचा ड्रायव्हर म्हातारा झालाय, त्याला चढावर ओढ पाहिजे.'" चेनवाला एकटाच हसला. "शेहेचाळीस दिलं होतं. शेहेचाळीसच ना आता पण?"

मिस्त्रींनी समोरच्या सळईवर नजर लावली होती. वरून तिसरी सळई. तिथून ती हलेना.

परक्याच्या दुकानात घरचं उघडं करणाऱ्यांतल्या बाई नव्हत्या. उभ्या आयुष्यात त्यांनी गल्लीसमोर डोळे पुसले नव्हते. त्यांनी गाठ सोडली, चेन आणि दोन्ही चकत्या काउंटरवर ओतल्या.

"आधी जुनं बघा. बाकीचं मग."

चेनवाल्यानं चष्मा चढवला. चेन उचलून कुशीवर वळवून आडवी धरली, दोन्ही टोकं दोन हातांत. नवी चेन अशी धरली तर काठीसारखी ताठ राहते. ही मधोमध लोंबली, कमानीसारखी. मग त्यानं ती खिळ्याला टांगली, शेजारी तेवढ्याच कड्यांची नवी टांगली. जुनी दीड कडी खाली उतरली होती.

"वाट लागलीय," तो म्हणाला. मग मोठी चकती हातात घेतली आणि दात्यांवरून अंगठा फिरवला. दाते दाते राहिले नव्हते. एका बाजूला कलंडून मांजरीच्या नखांसारखे झाले होते. "तिन्ही बदलावं लागेल, काकू. पुढचं, मागचं आणि चेन. नुसती चेन बदलली तर जुन्या दात्यांवर नवी चेन चार महिन्यांत जुन्यासारखी होते."

"लग्नासारखंच की," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचाच होता, पण लांबून आल्यासारखा. "किती चालली असेल ही?"

"दहा हजार किलोमीटर तर नक्की."

"सपाट रस्त्यावर? इथून लेथच्या कारखान्यापर्यंत जाऊन येऊन?"

चेनवाला पुन्हा हसला. "कारखाना दोन गल्ल्या पलीकडे, काकू. तिथं जाऊन ही चेन तुमच्या नातवंडांना पुरली असती. हे चढाचं काम आहे. हे बघा, दाते एकाच बाजूनं खाल्लेत. ओझं घेऊन रोज वर चढायचं, त्याशिवाय असं होत नाही. माझ्याकडे दवाखान्याच्या रस्त्यावरच्या गाड्या येतात ना, सगळ्यांचे दाते असेच. आणि काका, सांगतो म्हणून रागवू नका, साहेबांचं वजन जरा वाढलेलं दिसतंय का? लोड किती धरू?"

मिस्त्री बोलले.

"बावन्न."

बावन्न. दवाखान्यातल्या काट्यावर शेवटचं केलेलं वजन. त्या दिवशी घरी येऊन साहेबानं सांगितलं होतं, बावन्न झालेय, आता ड्रायव्हर पगारवाढ मागणार. बाईंनी तेव्हा वाटीतला भात परत पातेल्यात टाकण्याचं नाटक केलं होतं आणि मुलगी हसता हसता खोकली होती.

बाईंनी बारीक आवाजात चेनवाल्याला विचारलं, "रिकामी होडी असली तर काय होतं हो?"

"रिकामी? वळणावर उचलते, काकू. उलटायची भीती. म्हणून लोक रिकामी असली की वाळूचं पोतं टाकतात."

बाई हळूहळू नवऱ्याकडे वळल्या.

"किती पोती?"

"दोन," मिस्त्री म्हणाले. "सव्वीस आणि सव्वीस."

"पस्तीस का नाही? चाळीस का नाही? वाळूला काय, कितीही टाकता आली असती."

ताडपत्रीखाली आठ महिने पट्टा लावून बसवलेली दोन पोती. बाई रोज वळसा घालून जात होत्या, त्यामुळे त्यांना ते दिसलं नव्हतं.

चेनवाल्याला काहीतरी चुकलं हे जाणवलं होतं, काय ते कळत नव्हतं. तो एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता. बाईंनीच त्याची सुटका केली.

"ती नाही आता," त्या म्हणाल्या. "आठ महिने झाले. यांच्या तोंडून निघालं नाही, म्हणून मी सांगते."

चेनवाल्यानं चष्मा काढला. मग "चहा सांगतो" असं पुटपुटत तो मागच्या दारानं बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. शहाणा माणूस होता.

दुकानात दोघंच राहिले. रस्त्यावरून गाड्या जात होत्या, त्यांच्या हादऱ्यानं सळयांवरच्या चकत्या एकमेकींना लागून किणकिणत होत्या. बाईंनी स्टूल ओढलं आणि बसल्या.

"कुठपर्यंत जाता?"

"दवाखान्याच्या फाटकापर्यंत."

"मग?"

"मग काय. गाडी लावतो. पट्टा सोडतो. पुन्हा लावतो. फाटकावरचा माणूस हात करतो. मग उतरतो खाली."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळीपण तसंच."

"आणायला?"

मिस्त्रींनी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, त्यांना स्वतःला तरी कळलं असेल का, कोण जाणे.

"ती तिथं उभी असेल असं वाटतं तुम्हाला?"

"नाही गं. तेवढा मी गेलेला नाही." मिस्त्रींनी खिळ्यावरची जुनी चेन काढली आणि उगाच बोटांवर गुंडाळायला लागले. हात काळे झाले. "पण चार वाजले की बसवत नाही. बावीस वर्षं चार वाजता उठलो. शाळा असो, कॉलेज असो, दवाखाना असो. पाय आपोआप उठतात. वर गेलो की बरं वाटतं. चढावर इंजिन घरघरतं ना, ओझं असल्यासारखं. तेवढा वेळ बरं वाटतं."

"ते घरघरणं मला ऐकू येतं," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींचे हात थांबले.

"गल्लीच्या तोंडाशी तुमची गाडी वळते ना, पाच वाजून दहा मिनिटांनी. रिकामी मोटरसायकल कशी वाजते, मला माहीत नाही का? आणि भरलेली कशी वाजते? छत्तीस वर्षं ऐकतेय. रोज पाचला तो भरलेल्या गाडीचा आवाज येतो, आणि रोज माझा हात चहाच्या आधणात तिसरा कप पाणी टाकतो. माझ्या मनाला विचारत नाही. टाकून झाल्यावर आठवतं. मग मी ते पाणी मोरीत ओतते आणि दार उघडते, आणि तुम्ही एकटे शर्ट घालून उभे असता. मी म्हणायची, कान वाजतात माझे. म्हातारी झाले. वेड लागलं. आठ महिने मी स्वतःला वेडी समजले."

"मला माहीत नव्हतं."

"कसं असेल? तुम्ही वर होता."

मिस्त्रींनी चेन खाली ठेवली. काउंटरवर काळे वळ उमटले.

"हे नऊ दिवस गाडी बंद होती," बाई पुढे म्हणाल्या, आता त्यांचा आवाज खाली आला होता. "आवाज आला नाही. तिसऱ्या दिवसापासून मी पाणी दोनच कप ठेवायला लागले. आणि मला बरं वाटलं हो. पोटच्या पोरीचा कप कमी झाला आणि आईला बरं वाटलं. त्याची लाज आली ती वेगळीच. म्हणून मी आज आले. मला ती होडी डोळ्यांसमोर नको होती. वाळूचं मला काय ठाऊक."

मिस्त्रींनी हात वर केला आणि वरून तिसऱ्या सळईवरची चकती काढली. चकतीवर आकडा कोरलेला होता, पण बाईंना आकड्यांशी फारसं देणंघेणं नव्हतं. त्यांनी काउंटरवरच्या काळ्या वळात बोट बुडवून ते एका दात्यावर टेकवलं आणि तिथून मोजायला लागल्या, हळूच, ओठ हलवत. एक वीस झाली. दुसरी वीस झाली. मग आणखी सहा, आणि बोटाचा काळा ठिपका आला.

"हीच का?"

"हीच."

"हिच्यावर होडी चढते?"

"चढते. चाळीसवर चढणार नाही. निदान ओझ्यासकट नाही. अर्ध्या चढावर इंजिन मान टाकेल."

"म्हणजे चाळीस घेतलं की तुमचं वर जाणं संपलं."

"संपलं."

हेच ते होतं. तीनदा हा माणूस या काउंटरसमोर उभा राहिला होता आणि त्याला एक आकडा बोलता आला नव्हता. एक बोलावा तर स्वतःशी खोटं, दुसरा बोलावा तर मुलगी पुन्हा एकदा जाणार. मग तो साहेबांना विचारायला घरी परत यायचा, आणि घरात विचारायला कोणी नसायचं. होती ती फक्त बायको, पिशवीची गाठ तपासणारी.

बाईंना हे सगळं एका क्षणात दिसलं. जवळ जाऊन त्याच्या हातावर हात ठेवावा असंही वाटलं. पण तसलं काही त्यांनी कधी केलं नव्हतं, आता दुकानात कुठून सुचणार? शिवाय आत राग होता तो होताच. दया आली म्हणून राग उठून जात नाही, तो तिथंच बाजूला सरकून बसतो.

चेनवाला तीन चहा घेऊन आत आला. पेले ठेवताना त्यानं कोणाच्याच तोंडाकडे बघितलं नाही.

"मधला एक आहे," तो हळूच म्हणाला. "त्रेचाळीस दाते. होडी असली तरी चालेल कशीबशी, नसली तरी चालेल. नंतर ठरवता येईल."

बाईंनी मिस्त्रींकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं असेल की जागा होती, वेळ होती, तोंडावर वाक्यही आलं होतं, आणि मिस्त्रीणबाई गप्प बसल्या.

मिस्त्रींनी शेहेचाळीसची चकती दोन्ही हातांत धरली होती. ती त्यांनी परत सळईवर चढवली. नीट, खालच्या खाचेत बसेपर्यंत. मग म्हणाले, "चाळीस द्या. पुढचं चौदाचं. आणि चेन."

"चेन दोन कड्यांनी कमी करावी लागेल," चेनवाला म्हणाला. "चकती लहान झाली ना. बाकीचा ढिलेपणा चाक मागं ओढून निघेल. मी तोडून देतो."

"मला द्या. मी तोडतो."

चेनवाल्यानं कडी तोडायचं हत्यार पुढे केलं. मिस्त्रींनी चेन हत्यारात धरली, दोन वेळा कड्या मोजल्या आणि मूठ फिरवली. लेथवर चाळीस वर्षं ज्या हातानं केसाचा फरक पकडला होता, त्या हातून पहिली पिन वाकडी बाहेर आली आणि कडीला ओरखडा पडला. दुसऱ्या वेळी पिन सरळ निघाली. दोन कड्यांचा तुकडा काउंटरवर पडला.

"वाळू मी काढीन," बाई म्हणाल्या. "ताडपत्री मी काढीन, पट्टा मी सोडवीन. तुम्ही त्या वेळी घरात बसायचं, खिडकीपाशीसुद्धा यायचं नाही. नट सोडवायला मात्र तुम्ही. ते मला जमणार नाही."

"बरं."

"आणि उद्या चार वाजता पाय उठले तर उठू देत. मी येईन बरोबर. चालत. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येऊ. माझे गुडघे तेवढंच चालतात."

"बरं."

मिस्त्रींनी नवं सगळं पिशवीत भरलं. चहा तसाच निवत राहिला. दुकानाची पायरी उतरताना ते थांबले, मागे वळले. डोळे लाल होते, पण ओले नव्हते.

"तू काहीच म्हणाली नाहीस," ते म्हणाले. "वाळूबद्दल. खोट्याबद्दल. तुला म्हणायचं असेल ते म्हण. मला ऐकायचंय."

बाईंनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली. जड होती. त्यांनी ती दुसऱ्या हातात बदलली आणि रस्त्यावरच्या लोकांची पर्वा न करता, नेहमीच्या आवाजात सांगितलं,

"बाप म्हणून तुमच्यात खोट काढायला मला जागा सापडत नाही. पण नवरा म्हणून तुम्ही मला आठ महिने त्या घरात एकटीला टाकून गेलात, रोज दोनदा."